अक्का आणि पोटात पडलेली सुई

ऑपरेशन चालू असताना मला 'थांबा' म्हणणारं एकच माणूस होतं. आज सकाळी ते गेलं.

अक्का आमच्या ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या सिस्टर. गडहिंग्लजकडच्या. घरी कानडी, बाहेर रांगडी कोल्हापुरी. मी गायनॅक सर्जन म्हणून आले, तेव्हा त्यांची ओटीत वीस वर्षं झाली होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी टाके घालायचं नवं यंत्र घेतलं.

एवढ्याशा भोकातून आत हातानं टाका घालायचा म्हणजे घाम फुटतो. यात खटका दाबला की सुई एका जबड्यातून दुसऱ्यात जाते. मी जाम खूश होते.

पहिलीच केस. शाहूवाडीची बाई. गर्भाशय काढून झालं होतं, फक्त टाके राहिले होते.

अक्का स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "मॅडम, थांबा. सुई बसल्याली न्हाय."

मी सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं. तुम्ही तुमचा ट्रे सांभाळा म्हटलं.

आणि खटका दाबला.

धागा तुटला. सुई आतड्यांत कुठंतरी गेली.

अक्कांनी एक शब्द ऐकवला नाही. एक्स-रेचं मशीन आत मागवलं आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. सावकाश बघा, घावंल, एवढंच म्हणत होत्या.

पाऊण तासानं सुई सापडली. उरलेले टाके मी हातानंच घातले.

सापडली ना, मग आता कशाला सांगायचं, असं माझ्या मनात होतं. अक्कांनी ते ओळखलं.

"तिच्या पोटात झालंय, मॅडम. तिला कळाय पायजे."

दुसऱ्या दिवशी पेशंटला आणि तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा चिडला. साहजिक होतं. तिनं मात्र आत काही राहिलं नाही ना, एवढंच विचारलं. मी सुई काढल्यानंतरचा एक्स-रे दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "सांगितलासा, बरं केलासा."

मग ओटीत सगळ्यांसमोर अक्कांची माफी मागितली. त्या इतक्या अवघडल्या की चहा सांगायच्या निमित्तानं बाहेरच गेल्या.

पुढं स्पंजच्या तुकड्यावर ते यंत्र त्यांनी माझ्याआधी शिकून घेतलं. नवीन येणारे डॉक्टर मग त्यांच्याकडूनच शिकायचे.

तीन वर्षांनी अक्कांचंच गर्भाशय काढायची वेळ आली. मी पुण्यातल्या एका मोठ्या सर्जनचं नाव सुचवलं.

"तुमीच करा की."

म्हटलं, अक्का, माझी चूक तुम्ही डोळ्यांनी बघितलीय.

"म्हणून तर. तुमी चुकलासा तर मला सांगणार. दुसऱ्याचं काय म्हाईत?"

टेबलावर झोपल्या आणि निवांत डोळे मिटले. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्या रोज आठच्या ठोक्याला ओटीत असायच्या.

आज हार्ट अटॅकनं गेल्या. हॉस्पिटलपर्यंत पोचताच आलं नाही.

अक्का, तुमच्या पायाशी माझा नमस्कार. सुखानं जावा.