फुगडी चालेल अशी जमीन

आमच्या गल्लीत मोटारी बऱ्याच घरांपुढं आहेत, पण मोटार बाहेर काढून तिच्या जागेत बायकांना खेळू देणारं घर एकच. शालनवैनींचं. गडमुडशिंगीच्या रस्त्याला आमची कॉलनी, आणि त्यांचं दार आमच्या दारासमोर. त्यांच्याकडं चटणीची फोडणी पडली की ठसका मला लागतो, इतकं समोर.

वैनी कोडोलीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा या घराला तीन खोल्या आणि पुढं मोकळं अंगण होतं. ते त्यांनी शेणानं सारवलं, मग त्यावर शहाबादी घातली, ती उखडली तेव्हा सिमेंटचा कोबा करून घेतला. त्यांचे मालक अण्णासो उद्यमनगरात लेथवर कामाला होते. कोबा घोटायला आपण स्वतः बसलो होतो, हे ते अजून पाहुण्यांना सांगतात. त्या कोब्यावर वैनींनी मिरच्या वाळवल्या, शेवया केल्या, पृथ्वीराजला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. पुढं त्याच पृथ्वीराजनं मोटार घेतली, वर स्लॅब पडला, पुढं शटर लागलं आणि अंगणाचं पार्किंग झालं. वैनींची पहाट मात्र तीच राहिली. उठायचं, अंबाबाईचं नाव घ्यायचं, बादली उचलायची आणि सडा टाकायचा. गाडी मधे उभी असली तर गाडीच्या चाकांनाही सडा.

गौरी आल्या की संध्याकाळी पृथ्वीराज गाडी रस्त्यावर लावायचा आणि सगळी गल्ली त्या जागेत झिम्मा-फुगडीला जमायची. वैनी साठीच्या पुढच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. एरवी गुडघे धरून जिना चढतात. पण पदर खोचून फुगडीला उभ्या राहिल्या की गुडघे कुठं जातात कोण जाणे. त्यांच्या वेगाला कोण टिकत नाही, म्हणून जोडीदार मी. माझ्यात वेग आहे असं नाही, मी घाबरत नाही एवढंच.

गेल्या वर्षी मात्र गाडीखाली ऑइलचा थेंब पडलेला कुणाला दिसला नाही. कोबाही वर्षानुवर्षं धुऊन आरशासारखा गुळगुळीत झालेला. ऐन गिरकीत वैनींचा पाय सटकला आणि त्या हातावर आपटल्या. दिवाळीचे लाडू त्यांच्या सूनबाईनं, अक्षतानं वळले, कारण सासूबाईंचा हात प्लास्टरात.

प्लास्टर निघालं त्या दिवशीच पृथ्वीराजनं जाहीर केलं, "आई, फुगडी बंद. पुढच्या गौरीला हॉलमध्ये सतरंजी टाकू. बसून गाणी म्हणायची."

"बसून?" वैनी म्हणाल्या. "बसून म्हणायला मी काय भजनी मंडळात हाय?"

"पडलीस तर कोण बघणार?"

"मी काय माझ्या पायानं पडलो न्हाय. तुझ्या गाडीच्या तेलानं पडलो. जमीन नीट करून दे, मग बघ पडतो काय."

झालं. तिथून त्या जमिनीमागं लागल्या. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारीला पार्किंग चकचकीत करायचं खूळ लागलंय. मला ठाऊक होतं, त्यांना गौरीपुढं उभं राहून खेळायचं होतं, बाकी काही नाही. गौर आली आणि आपण सतरंजीवर बसलो, तर ती काय म्हणेल? हे त्या मला हळूच म्हणाल्या होत्या, मोठ्यानं कधी बोलल्या नाहीत.

श्रावणात कृष्णात आला. शिरोलीच्या कारखान्यांतल्या जमिनी करणारा माणूस, मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं, मीही गेले.

अण्णासो म्हणाले, "पुन्हा कोबाच घोटून घ्या. आमच्या वर्कशॉपातला कोबा तीस वर्सं हलला न्हाय."

"काका, हलायचा न्हाय, पण ऑइल पितोय की," कृष्णात म्हणाला. "डाग जाईत न्हाय, धूळ सुटत्या."

"मग रंग मारून घेऊ," पृथ्वीराज म्हणाला.

"साधा रंग मारू नका. गाडी तापल्या चाकानं येत्या, रातभर उभी ऱ्हात्या. सकाळी गाडी बाहेर आणि चाकाला चिकटून रंग बी बाहेर. तुमच्याच मागच्या गल्लीत बघून या, बिबट्याची कातडी झाल्या जमिनीची." मग त्यानं समजावलं. दोन डब्यांतलं मिसळून लावायचं ते इपॉक्सी. वाळलं की दगड. ऑइल पडू दे, पाना पडू दे, हूं का चूं करत नाही. पण शटरजवळ ऊन येतं तिथं ते पिवळं पडतं, म्हणून वरनं पीयू म्हणतात त्या लेपाचा एक थर द्यायचा. तो उन्हाला दाद देत नाही. "असं केलं की पुढची धा-बारा वर्सं माझं तोंड बघायला नगो."

त्यानं पिशवीतून सिमेंटचे तीन तुकडे काढले, तिन्हींवर वेगवेगळा हात मारलेला. पहिला नुसता गुळगुळीत. दुसऱ्याच्या वरच्या थरात बारीक वाळू पेरलेली. तिसऱ्यात जाड वाळू.

पृथ्वीराजनं पहिला उचलला. "हा बघ आई, शोरूमसारखा चमकतोय."

"चमकायला काय, टक्कल बी चमकतंय."

अण्णासोंचा हात आपोआप डोक्यावर गेला.

वैनींनी आतून पाणी आणलं, गोडेतेलाची वाटी आणली. तिन्ही तुकड्यांवर दोन्ही ओतलं, चपला काढल्या आणि पहिल्यावर टाच ठेवून पाय फिरवला. पाय सटकन बाहेर. दुसऱ्यावर फिरवला, थोडा सरकला आणि थांबला. तिसऱ्यावर फिरवला आणि त्या ओरडल्या, "आई गं! खवणी हाय ही. नारळ खोवू काय ह्याच्यावर?"

"मग मधला घ्या," कृष्णात म्हणाला.

"थांबा की. नुसत्या पायानं काय कळतंय? फुगडीत समोरचं माणूस वडतंय. या हिकडं, हात द्या."

"मी?"

"मग काय ह्यांना वडू? ह्यांची कंबर धरत्या."

कृष्णातनं मिशीवरून हात फिरवला, आजूबाजूला बघितलं, आणि मधल्या तेलकट तुकड्यावर उभ्या असलेल्या वैनींचे हात धरले. वैनी मागं झुकल्या. तोही झुकला. अक्षता तोंडाला पदर लावून आत पळाली. मधला तुकडा तसा टिकला, पण एकदा किंचित हलला, आणि तेवढ्यानं वैनींचा चेहरा उतरला. हाताचं दुखणं आठवलं असणार.

"जाड वाळूचाच करा," त्या म्हणाल्या. "पडण्यापेक्षा सोललेलं बरं."

"करतो, पण पावसाळा संपल्यावर. आता जमिनीत वल असत्या."

"गौरीच्या आधी पायजे."

कृष्णातनं अण्णासोंकडं बघितलं. अण्णासोंनी आढ्याकडं बघितलं. शेवटी ठरलं असं, की उघडीप मिळाली तर आधी घासून ठेवायचं, वल तपासायची, सुकी निघाली तरच लावायचं. आणि त्यानं वैनींना बजावून सांगितलं, "काकू, आजपासनं हितं पाण्याचा थेंब न्हाय. धुणं न्हाय, पुसणं न्हाय."

उघडीप मिळाली. कृष्णातनं मशीन आणून कोब्याचं वरचं तेलकट, गुळगुळीत कातडं घासून काढलं. सगळ्या गल्लीच्या भांड्यांवर पिठासारखी धूळ बसली. अण्णासोंनी घोटलेला कोबा गेला, त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले. भेगा बुजवल्या, आणि कृष्णातनं प्लॅस्टिकचा एक चौकोन जमिनीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. जमिनीत ओल असली तर वर चढते आणि प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर अगदी पुसट दमटपणा. "उद्या आणि एकदा बघू," तो म्हणाला, "ऊन असंच ऱ्हायलं तर परवा हात घालतो."

वैनींनी आनंदानं मला साखर आणून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तुळशीला पाणी घालत होते. समोरचं शटर अर्धं वर गेलं. वैनी बाहेर आल्या, डोळे अजून झोपेत, ओठांवर देवीचं नाव. हातात बादली. मी "वैनी!" म्हणेपर्यंत हात आत-बाहेर दोनदा फिरला होता. चाळीस वर्षांचा हात, इतके दिवस कसाबसा आवरून धरलेला. झोपेत त्याला कोण सांगणार की नको?

मग त्यांनी खाली बघितलं. घासून उघडी केलेली जमीन, पाणी पडल्याबरोबर काळीभोर झालेली. जमीन पाणी अशी पीत होती जणू आठ दिवसांची तहानलेली.

"आता गं बया," एवढंच म्हणाल्या आणि बादली धरून उंबऱ्यावर बसल्या.

कृष्णात आला तेव्हा त्यांनी लपवाछपवी केली नाही. "मीच टाकला सडा. हातानं टाकला, मला इचारलं न्हाय." तो हसला, पण प्लॅस्टिक उचलल्यावर हसू गेलं. आतून पाण्याचे टपोरे थेंब. वर आभाळही भरून आलं होतं.

"सड्याचं पाणी दोन दिवसांत सुकल," तो म्हणाला. "पण ह्यो पाऊस आला की खालनं बी वल येणार. आता लावलं तर पापडागत फुगंल."

"लवकर वाळणारं काहीतरी असतं की," पृथ्वीराज म्हणाला. "ते लावून टाका. गौरीपुरतं निभावलं तरी बास."

खरं सांगते, मला वाटलं वैनी हो म्हणतील. वर्षभर त्या एवढ्यासाठीच तर झटत होत्या. पण त्यांनी मान हलवली. "न्हाय. गौरीपुरतं नगो. देवीचं नाव घेऊन करायचं आणि आतनं वलं ठेवायचं? ऱ्हाऊ दे."

"मग सतरंजी," पृथ्वीराज हळूच म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं.

वैनींनी पदर खोचला. चपला काढून त्या जमिनीवर गेल्या. सडा टाकलेली ओली बाजू, मग कोरडी बाजू, मग परत ओली. टाच रोवून पाय फिरवला. पुन्हा फिरवला. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी दारातून उतरून रस्ता ओलांडून आत गेले.

"पृथ्वीराज, हिकडं ये."

"काय?"

"हात धर."

"आई, मी?"

"मी पडतो म्हणतोस न्हवं? मग पाड मला. पाडलंस तर सतरंजी. हितं, वल्यात."

पृथ्वीराज तालमीत जाणारा गडी, दंड असे. त्यानं बूट काढले, आईचे हात धरले, पाय जुळवले. आधी जपून फिरला. वैनी म्हणाल्या, "मुंगी मारायलास काय?" मग त्यानं वेग घेतला. मग वैनींनी घेतला. घासलेलं उघडं सिमेंट पायाला असं धरत होतं, की वैनी मागं झुकल्या तरी टाचा खुंट्यासारख्या ठाम. अण्णासो जिन्याचा कठडा धरून उभे. कृष्णात तोंडानं फुगडीचा फूऽ फूऽ करायला लागला. शेवटी ओरडला तो पृथ्वीराज. "आई बास! बास! गरगरतंय!" आणि सुटून भिंतीला टेकून खाली बसला. वैनी मधोमध उभ्या, धापा टाकत, पदर सावरत.

"पडलो काय?"

"न्हाय," पृथ्वीराज डोळे मिटून म्हणाला. "खेळ बाई. खेळ."

गौरीला भाजी-भाकरीचा निवद दाखवला, आणि संध्याकाळी त्या उघड्यावाघड्या, बिनरंगाच्या जमिनीवर आम्ही खेळलो. वैनींनी आयत्या वेळी जोडलं,

"फुगडी घालते कोब्यावर, कोब्यावर,
मालक बसले सोफ्यावर, सोफ्यावर!"

आतून अण्णासो म्हणाले, "बसल्याबद्दल बी बोलणी हायेत का?" खेळात कुणी घसरलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आम्हा दोघींचे तळवे जास्वंदीसारखे लाल, पाय भुईला टेकवेनात. वैनी तुपाची वाटी घेऊन आमच्या कट्ट्यावर आल्या, तळव्यांना तूप चोळता चोळता म्हणाल्या, "बाई, कृष्णातला सांगूया. मधला तुकडाच बरा. बारीक वाळूचा. जाड वाळू गौरीला सोसंल, आपल्याला न्हाय."

दसरा झाला, ऊन कडक पडलं, प्लॅस्टिकखाली थेंब धरेना. मग कृष्णातनं काम केलं. राखाडी, अंगावर बारीक वाळूचा कण असलेलं. तेवढे दिवस अक्षतानं बादली वर माळ्यावर टाकली होती, आणि वैनी पहाटे देवीचं नाव घेत नुसत्याच उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, हात पदरात गुंडाळून.

काम पक्कं झालं, गाडी आत घ्या, असं कृष्णात सांगून गेला. पृथ्वीराजनं गाडी चालू केली, लिंबू-बिंबू ठेवून तयार. वैनी शटरमध्ये आडव्या उभ्या.

"थांब रे जरा." आणि मला हाक. "ए बाई! या हिकडं!"

"आता? कुठला सण हाय?" मी विचारलं.

"सण कशाला पायजे? चपला काढा."

रस्त्यावर गाडी घुरघुरत उभी, मागं दूधवाला हॉर्न वाजवतोय, आणि आम्ही दोघी हात धरून नव्या जमिनीवर मागं झुकलो.