खांद्यात शिरलेला वारा

माझं अंग जातिवंत आहे, असं मी फौजेत उघड सांगत असे आणि बाकीच्यांना ते मुकाट ऐकावं लागे. माझं कामच तसं होतं. एका लोखंडी कोठडीत शिकाऊ वैमानिकांना बसवायचं आणि आतली हवा उपसायची. जमिनीवर बसल्याबसल्या माणूस तीस हजार फुटांवर जातो. मदतनीस म्हणून मी त्यांच्याबरोबर आत असे. दाब उतरला की अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि कुणाकुणाचे सांधे ठणकतात. माझ्याआधीचे दोघे मदतनीस त्यापायीच बाहेर बसले होते. मी तीन वर्षं ठणठणीत. गंगापूरचा ऊस खाल्लाय, म्हणायचो.

एकदा वर असताना डावा खांदा आतून ठणकू लागला. वात असेल, म्हटलं. आमच्याकडं सांधा दुखला की वातच. तेल चोळायचं आणि कामाला लागायचं. कोठडीतली धोक्याची घंटी दाबली तर सगळ्यांची चाचणी बंद पडणार आणि माझं आतलं काम कायमचं सुटणार. कळ कोपरापर्यंत आली तेव्हा मात्र मी घंटी दाबली.

दाब पूर्ववत झाला तसा खांदा गप्प झाला. मला तपासणारे फौजेतले डॉक्टर मराठी होते. मला वात वाटला, हे ऐकून ते हसले. म्हणाले, शब्द बरोबर आहे, वाराच शिरलाय. फक्त तो तेलानं निघत नाही. कोठडीत माझ्या शेजारी माझ्या दुप्पट अंगाचा गडी होता, त्याला काहीच झालं नव्हतं. खरं तर जाड माणसाला धोका जास्त, पण नेमकं कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझी रवानगी सामानाच्या कोठारात झाली.

रजेवर घरी आलो. पोरगं बसल्याजागी आभाळात जातं, असं वडील गावभर सांगत फिरायचे. त्यांना आता काय तोंड दाखवायचं? जेवणं झाल्यावर सगळं सांगून टाकलं. 

"लई बरं केलंस," वडील म्हणाले. "दुखतंय म्हणायला छाती लागती. मला नाय जमलं. हे गुडघे धा वरसं झाली ठणकत्यात."

आईलाही हे ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या घंटीचा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांना औरंगाबादला डॉक्टरांकडं नेलं. कुठं दुखतं ते त्यांनी स्वतःच सांगितलं.