दाजी कौतुक करतात तेव्हा

नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या उमलत्या बास्केटबॉल खेळाडूची कारकीर्द मुळासकट संपवायची असेल, तर त्याच्या गुडघ्यावर काठी घालायची काही गरज नाही. आमच्या दाजींना त्याचं कौतुक करायला लावलं की काम होतं. हे मी मेहुणा म्हणून आकसाने सांगतोय असं समजू नका. चांगले शिकलेसवरलेले कोच हे मनापासून मानतात. त्यांतला एक तर मॅचच्या आधी दाजींना कोपऱ्यात नेऊन, कटिंग चहा पाजून, हात जोडून सांगायचा, "दाजी, आज जरा समोरच्या टीमकडे लक्ष द्या ना." आणि दाजींना वाटायचं, आपला तांत्रिक सल्ला मागताहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकरोडला त्यांचं टाइल्स आणि सॅनिटरीच्या सामानाचं दुकान आहे. उंची इतकी बेताची, की दुकानातल्या वॉश बेसिनवरच्या आरशात त्यांना स्वतःच्या भुवया आणि कपाळ एवढंच दिसतं. जन्मात कधी बास्केटबॉल खेळले नाहीत. कॉलेजात असताना मेसची रांग कोर्टाच्या कडेने जायची आणि पोळ्या येईपर्यंत समोर जे चाललं असेल ते बघत उभं राहावं लागायचं. एवढ्या शिदोरीवर या माणसाने पुढचं सगळं आयुष्य या खेळातला जाणकार म्हणून काढलं. त्यातही मोठ्यांचा खेळ ते बघत नाहीत. "अकरावी-बारावीचा खेळ तोच खरा. पुढं पोरं हिशेबी होतात," हे त्यांचं ठरलेलं मत. त्यामुळे ज्युनिअर कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धा जवळ आल्या, की दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि दाजी बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि बुडाखाली घ्यायला एक उशी घेऊन ज्या गावी स्पर्धा असतील त्या गावी रवाना होतात. मुलांच्या मॅचेस असोत की मुलींच्या, बसणार बरोब्बर बास्केटच्या मागे. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या खेळाडूंतून एक निवडणार. मग उशीवरून उठून, त्याच्याकडे बोट करून, अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल अशा आवाजात एकच शब्द उच्चारणार: "इंडिया!" म्हणजे हे पोरगं पुढे भारताकडून खेळणार. झाला निकाल.

आजवर त्यातलं एकही भारताकडून खेळलेलं नाही. भारत सोडा, पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजकडूनही फारसं कोणी खेळलं नाही. कळवणचा एक ताडमाड पोरगा होता. उभ्या उभ्या रिंगला हात लावायचा. दाजींनी संध्याकाळी त्याला "इंडिया" केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉस्टेलच्या बाथरूममध्ये घसरून पायाला प्लास्टर घालून बसला. दाजी केळी घेऊन त्याला बघायला गेले आणि परत आले ते संतापून. पायाचं दुःख होतंच, पण बाथरूममधल्या टाइल्स गुळगुळीत होत्या, हा त्यांना व्यक्तिगत अपमान वाटला. घोटीची एक मुलगी लांबून असा काही नेम धरायची, की चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली यायचा. तिलाही दाजींनी जाहीर केलं. वर्षभरात ती बँकेच्या परीक्षेला बसली आणि दुर्दैवाने पास झाली.

दाजींचा खरा राग मात्र नशिबावर नसायचा, बापांवर असायचा. बारावीच्या वर्षी पोरीचा बॉल माळ्यावर टाकणारा बाप म्हणजे त्यांच्या हिशेबात कसायाच्याही खालचा. दिंडोरीच्या एका बागायतदाराने असंच केलं, तेव्हा दाजी स्कूटर काढून थेट त्याच्या द्राक्षबागेत गेले. तो बाप ट्रॅक्टरवर बसून मोरचुदाची फवारणी करत होता. दाजी बांधावरून ओरडले, "पोरीचा खेळ बंद करता? बाप आहात का कोण आहात?" ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. तो म्हणाला, "शेठ, बाजूला व्हा, औषध चालूय." दाजी बाजूला होणाऱ्यांतले नाहीत. ओळ संपली, ट्रॅक्टर वळला, मागचा ब्लोअरही वळला, आणि दाजी घरी आले ते निळसर हिरवे होऊन. ताईने दार उघडलं आणि तिथेच थांबवून त्यांच्यावर पाइपने पाणी मारलं. त्या पाण्यातूनही ते ओरडत होते, "त्याला काय कळतंय बास्केटबॉल!"

"त्याला फवारणी कळते, तेवढं पुरे आहे," ताई म्हणाली.

एकदा मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो होतो. काउंटरच्या पलीकडे ती घोटीची मुलगी. दाजींनी तिला पाहिलं आणि चेक हातात तसाच धरून मागच्या रांगेकडे वळले. "हिला ओळखलं का कोणी?" रांगेने ओळखलं नाही. मग दाजींनी तिने कुठल्याशा राष्ट्रीय स्पर्धेत गोव्याच्या पोरींची कशी दाणादाण उडवली, ते भर बँकेत करून दाखवलं. उडी मारली, हात फिरवला आणि मागच्या आजोबांची टोपी पेन्शनवाल्यांच्या काउंटरवर नेऊन टाकली. मुलगी लाजेने लाल झाली. "काका, टोकन नंबर काय?" एवढंच म्हणाली. पण चेकवर शिक्का मारताना खाली बघत हळूच पुटपुटली, "डाव्या हाताने काका. तुम्ही उजव्याने दाखवताय."

अशा माणसाच्या पोटी प्रांजल, माझी भाची, जन्माला आली आणि खेळली तीही बास्केटबॉलच. दाजींनी शिकवलं म्हणून नव्हे. त्यांनी शिकवलं असतं तर कदाचित बुद्धिबळाकडे वळली असती. कॉलनीतल्या पोरींबरोबर मैदानावर जायला लागली, तिथल्या सरांनी तिला धरलं आणि अकरावीत महाराष्ट्राच्या संघात तिची निवड झाली. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा नेमक्या नाशिकलाच होत्या. पहिल्या मॅचच्या सकाळी पोहे खाता खाता तिने बापाला बजावलं, "पप्पा, माझ्याबद्दल तो शब्द काढायचा नाही."

"कोणता?" दाजी म्हणाले.

"तुम्हाला माहितीये कोणता. मोठ्याने नाही आणि हळूही नाही. काढलात तर मी कोर्टवरून निघून येईन."

ताईने वर देवाची शपथ घातली. आणि मग दाजींचे जे हाल झाले, ते मी शेजारी बसून डोळे भरून पाहिले. माणसाने तोंडात लवंग धरली होती. प्रांजलने बास्केट केली की त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, उशीवरून अर्धे उठायचे, शब्द ओठापर्यंत यायचा आणि लवंगेवर आपटून परत जायचा. मग तो उमाळा कुठेतरी बाहेर पडायलाच हवा म्हणून ते भलत्याच गोष्टींचं कौतुक करायचे. "काय लाकडी फ्लोअर बसवलाय! जॉइंट दिसत नाही राव कुठं!" एकदा तर पाणी देणाऱ्या माणसाला "वा!" म्हणाले. शेवटी त्यांना युक्ती सुचली. उपांत्य सामन्यात त्यांनी समोरच्या तमिळनाडूच्या एका उंच पोरीकडे बोट करून "इंडिया!" अशी आरोळी ठोकली. त्या पोरीने आमच्यावर बास्केटमागून बास्केट चढवायला सुरुवात केली. दाजींचा शाप लागायला रात्र मधे जावी लागते, हे आजवर कोणी ध्यानातच घेतलं नव्हतं.

प्रांजल मात्र त्या दिवशी खेळली. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण आपल्याहून हातभर उंच पोरींच्या घोळक्यात ती खाली वाकून शिरायची आणि चेंडू घेऊन भलत्याच बाजूने बाहेर पडायची, ते पाहून माझाही घसा बसला. संघाचे निम्म्याहून जास्त गुण तिचे होते. शेवटी पाचवा फाउल झाला, नियमाप्रमाणे तिला बाहेर बसावं लागलं आणि मॅच हातून गेली. ती बाकाकडे निघाली तेव्हा समोरच्या संघाच्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने ती गळ्यात टॉवेल टाकून आमच्याकडे आली. डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता तिने बापाला विचारलं, "कशी खेळले?"

दाजींनी लवंग थुंकली आणि धरण फुटावं तसे बोलायला लागले. दुसऱ्या क्वार्टरला डावीकडून कशी घुसलीस, ती उंच पोरगी हात वर करून उभी असताना चेंडू तिच्या काखेखालून कसा दिलास, तिसरा फाउल फाउल नव्हताच, रेफ्रीला चष्मा लागलाय. एकूण एक हालचाल त्यांना पाठ होती. ती पाण्याची बाटली हातात धरून ऐकत होती. ते थांबले, तेव्हा ती म्हणाली, "आणि?"

"आणि काय? घाम पूस. चल, मिसळ खाऊ."

ती क्षणभर तिथेच उभी राहिली. पहिल्या दिवशी पोहे खाताना जो शब्द तिने बंद करून टाकला होता, त्याचीच ती वाट बघत होती. ते मला कळलं, म्हणजे दाजींना कळलं नसेल असं मी मानायला तयार नाही. "चला," ती म्हणाली. मिसळ तिने अर्धी टाकली.

पुढे जूनमध्ये दाजींनी तिला सीईटीच्या क्लासला घातलं आणि बॉल माळ्यावर ठेवला. स्वतःच्या हाताने, स्टुलावर चढून. ताईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तडक दुकानात गेलो. अशी संधी मेहुण्याला आयुष्यात एकदाच मिळते. म्हटलं, "दाजी, दिंडोरीवाल्याचा ब्लोअर मागवू का? या वेळी तुमच्यावर मुद्दाम मारायला सांगतो."

ते नळांची खोकी लावत होते. लावतच राहिले. एक खोकं सरळ करून म्हणाले, "तिने नाय म्हटलं असतं तर नसता ठेवला."

"पोरगी तुमच्या तोंडाकडे बघत होती. ती कशाला नाही म्हणेल?"

"तिला माझी उंची लागली हो," दाजी म्हणाले. "इथपर्यंत तिने पायांच्या जोरावर निभावलं. पुढं नाय निभायचं. लोकांच्या पोरांना म्हणायला काय, आपण म्हणायचं आणि गाडी पकडून घरी यायचं. हिला रोज समोर बघायचंय. उद्या नाय झालं तर हिच्या ताटासमोर मी कसा बसू?"

"तुमचा आजवर एक तरी अंदाज खरा ठरलाय का?"

"नाय ठरला," त्यांनी एक नळ खोक्यातून काढला, उगाच फिरवून बघितला आणि परत ठेवला. "हा अंदाज बी चुकला तर लय बरं होईल."

मी भांडायला गेलो होतो, पण चहा पिऊन परत आलो.

प्रांजल आता पुण्याला फार्मसी करते. मागच्या महिन्यात माझं तिकडे काम होतं म्हणून ताईने दिलेला लाडवांचा डबा घेऊन मी तिच्या हॉस्टेलवर गेलो. चष्मा लागलाय, केस कापलेत, तब्येत बरी आहे. खालच्या बाकावर बसून गप्पा मारल्या. दाजी या वर्षीही स्पर्धेला गेले, परतताना उशी तिकडेच विसरले, हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मग मी विचारलं, "राग येतो का गं पप्पांचा?"

"खेळ सुटला त्याचा नाही येत, मामा. पुढे निभणार नाही हे माझं मलाच कळलं होतं, त्या तमिळनाडूच्या उंच पोरीसमोर." ती चष्मा काढून ओढणीने पुसत राहिली. "पण मामा, अख्ख्या देशातल्या पोरापोरींना ते खोटं खोटं ‘इंडिया’ म्हणत फिरले. मला एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आत जाण्याची वेळ झाली होती. तिने डबा उचलला, "पप्पांना नका हं सांगू," म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर निघून गेली.