राळेगावात आज एकही ॲडमिशन झाली नाही

मंडळी, दुपारी राळेगावहून परतलो तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राह्यलो.

मी एका खासगी कॉलेजात डिप्लोमाच्या पोरांना मेकॅनिकल शिकवतो. दहावीचा निकाल लागला की आम्ही मास्तर लोक ॲडमिशनसाठी गावोगाव फिरतो. आमच्या बहुतेक पोरांची फी सरकार भरते. जेवढ्या जागा भरतील तेवढा पैसा कॉलेजला येतो, त्यातूनच आमचा पगार निघतो.

आज प्रणाली नावाच्या मुलीच्या घरी गेलतो. मार्क चांगले आहेत. यंदाही कापसाला भाव नाही, घरात पैसा नाही. फी लागत नाही म्हटल्यावर तिची आई लगेच सही करायला बसली.

तेवढ्यात प्रणालीनं विचारलं, "सर, तुमच्या वर्कशॉपातल्या मशिनी चालू हायेत काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडून निघून गेलं, "दोन आहेत. दोन्ही बंद."

तिनं आईच्या हातून फॉर्म काढून घेतला. "मंग सरकार तुमाले पैसे कायचे देते?"

मी यवतमाळच्या सरकारी कॉलेजात लागणाऱ्या कागदपत्रांची यादी तिला लिहून दिली आणि उठलो.

रस्त्यावरच प्राचार्यांचा फोन आला. "किती झाल्या?"

"एकही नाही."

"असंच चाललं तर पगार कुठून देऊ, सर?"

त्यांचंही खरंच आहे. घरी माझीही दोन लेकरं आहेत.

उद्या मला ॲडमिशनसाठी फुलसावंगी गावाला पाठवून राह्यले. तिथं मशिनींबद्दल कोणी विचारलंच नाही, तर मी आपणहून सांगावं काय?