दिवा लागना, घर उनं

धुळ्यात रस्त्यावरचे लोक मला फादर म्हणतात. स्कूटरवर मागे बायको बसलेली असली तरी म्हणतात. आम्ही ल्यूथरन पाळक लग्न करतो, संसार करतो, कोथिंबीर आणायला विसरलो तर बोलणी खातो, हे समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं. पण मागच्या सीटवर बायकोऐवजी हार्मोनियम बांधलेली दिसली की आग्रा रोडवरचा चहावाला किटली खाली ठेवतो आणि विचारतो, "आज कोन गया, फादर?"

त्याचं काही चुकत नाही. हार्मोनियम घेऊन मी बाहेर पडतो तो कुणीतरी गेल्यावरच.

याला कारण माझंच एक गाणं. गाणी मी आयुष्यभर बांधत आलो. ज्यांच्या नावानं आमचा पंथ चालतो ते गुरूही गाणी बांधायचे, त्यामुळे पाळकानं चाली लावत बसण्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्याकडे नाताळची गाणी आहेत, प्रभुभोजनाची आहेत, हंगामाच्या सणाची आहेत, बाप्तिस्म्याला म्हणायची आहेत. लोकांनी त्यातलं एकच उचललं.

एरंडोलजवळच्या एका खेड्यात आमच्या मंडळीतली एक म्हातारी होती. अक्का म्हणायचे सगळे तिला. तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तर प्रार्थना संपायच्या आत तिच्या अहिराणीत म्हणाली, "मना बठ्ठा जलम याच भाषामा गया. मरानंतर माले पुस्तकनं गानं नको. मना मयतले मनी भाषामा म्हना. देवले बी समजस." निंदणीहून परतताना बायका गुणगुणतात तसं काहीसं ती पडल्या पडल्या गुणगुणायची. त्यावरून मी चाल बांधली. चारच सूर. वर कुठे जायचंच नाही, म्हणजे रडून घसा बसलेल्या माणसालाही म्हणता यावं. शब्दही तिच्याच अंगणातले: 'दिवा लागना, घर उनं, चाल मना जीव, आते चाल.' संध्याकाळ झाली, घर आलं, चल. एवढंच.

अक्काच्या मयतीत ते म्हटलं आणि लोक ढसाढसा रडले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गाणाऱ्याला दुसरं काय हवं असतं? पुढच्या मयतीला लोकांनी तेच मागितलं. त्याच्या पुढच्यालाही. मग मागायचंसुद्धा बंद झालं, धरूनच चालू लागले. जळगावहून, चोपड्याहून, शिंदखेड्याहून फोन यायचे, आणि "साहेब, प्रार्थनेला या" असं न म्हणता "साहेब, गाण्याला या" म्हणायचे. ईस्टरला मी नवं गाणं बसवलं, तर लोक टाळ्या वाजवून झाल्यावर म्हणाले, "छान आहे साहेब, पण त्या गाण्याची सर नाही." ईस्टरच्या दिवशी. पुनरुत्थानाच्या दिवशी यांना मयतीचं गाणं आठवतं.

तेही मी सोसलं असतं. पण पुढे जे झालं त्यानं माझं कामच माझ्या हातून काढून घेतलं. पाळकाचं निम्मं काम आजाऱ्याच्या उशाशी असतं. जाऊन बसायचं, दोन शब्द बोलायचे, डोक्यावर हात ठेवायचा. आता मी दारात उभा राहिलो की घरच्यांचे चेहरे उतरतात. टायफॉइडनं पडलेल्या एका धडधाकट मेकॅनिकनं मला पाहून पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि विचारलं, "साहेब, संगे बाजा शे का?" बाजा म्हणजे हार्मोनियम. मी म्हटलं, नाही रे बाबा, रिकाम्या हातानं आलोय. तेव्हा कुठे त्यानं प्रार्थनेला डोळे मिटले. तेही पूर्ण नाही, एक किलकिला ठेवूनच.

मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, "हसू नको तर काय करू? स्वतः विणलेल्या जाळ्यात स्वतःच बसलायत." ती शाळेत शिकवायची. बोलायला तिखट, पण तिखटामागे काहीतरी खायला घालणारी. ते गाणं तिनं घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. मी चहा करताना चुकून गुणगुणलो तरी आतून आवाज यायचा, "ते बाहेर."

गेल्या पावसाळ्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढलं, मग धुळ्यातले डॉक्टर झाले, मग नाशिक. नाशिकच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये एकट्याला बोलावलं, तर ती माझ्यामागून आत आली आणि खुर्ची ओढून बसली. "दुखणं माझं आहे," म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं. गाठ कापून काढण्याच्या पलीकडे गेली होती. दुखणं कमी ठेवता येईल, म्हणाले.

येताना मालेगाव मागे पडलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या वेळी ते गाणं नको."

मी म्हटलं, असलं बोलू नकोस.

"आता नाही तर कधी बोलू? ते अक्काचं गाणं आहे. मग प्रत्येकाचं झालं. मला सगळ्यांचं उष्टं गाणं नको. माझ्यासाठी वेगळं करा. आणि मला आधी ऐकवा. मी गेल्यावर लोक तुमचं कौतुक करतील, त्याचा मला काय उपयोग?"

मी कबूल केलं. काय मोठंसं मागितलं होतं तिनं? माणूस उभा जन्म गाणी बांधतो, त्यानं स्वतःच्या बायकोसाठी एक बांधायचं.

हार्मोनियम पुढ्यात घेऊन बसलो, की बोटं त्या चार सुरांवर जाऊन पडायची. मी सूर बदलला, ठेका बदलला. गाणं वरून सुरू केलं. दोन ओळी बऱ्या जायच्या आणि तिसरीला चाल उतरत उतरत त्याच अंगणात येऊन बसायची. आतल्या खोलीतून ती ऐकत असायची. "अहो, दिवा तोच आहे," म्हणायची, "वात तेवढी बदललीत." मी पुन्हा सुरू करायचो. पुन्हा तिकडेच. एकदा मी भाता इतक्या जोरात आपटला की तिनं विचारलं, "देवावर चिडलात की माझ्यावर?" देवावर चिडायची आमच्यात सोय आहे, निम्मी स्तोत्रं त्यावरच रचलेली आहेत. पण मी चिडलो होतो गाण्यावर. मीच त्याला घर बांधून दिलं आणि आता ते मला बाहेर पडू देत नव्हतं. ती दिवसेंदिवस वाळत होती आणि माझ्याकडे तिच्यासाठी एक ओळ नव्हती. मला भीती वाटायची, इतकी की तिच्या खोलीत जायच्या आधी मी दाराशी थांबून चेहरा नीट करायचो.

अशातच उपवासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे आमच्यात दुःखसहनाचे. आनंदाची गाणी बंद, वेदीवर फुलं नाहीत, आणि 'हालेलूया' हा शब्द ईस्टरपर्यंत तोंडातून काढायचा नाही. आमच्या पंचांमध्ये एक आबा आहेत, ते या शब्दावर पहाऱ्याला बसल्यासारखे बसतात. कुणी सवयीनं म्हटलाच तर पहिल्या बाकावरून मागे वळून बघतात, आणि तेवढं पुरतं.

त्या दिवसांत नरडाण्याहून फोन आला. तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका माणसाची आई गेली होती. मी म्हटलं, घरात आजारी माणूस आहे, दुसऱ्या पाळकांना सांगतो. आतून बायको म्हणाली, "जा. ते थांबले असतील." शेजारच्या बाईंना तिच्याजवळ बसवून मी निघालो. चहावाल्यानं विचारलं, "कोन गया?" मी त्याला नुसतं नरडाणा एवढंच सांगितलं.

घरापुढे मांडव घातला होता. वचन वाचलं, प्रार्थना केली, आणि शवपेटी उचलायची वेळ झाली तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. हार्मोनियम पुढ्यात होती. मी भाता ओढला, पहिला सूर धरला, आणि तोंड उघडेना. त्या शवपेटीत मला दुसरंच कुणी दिसत होतं. वाटलं, हे आता मी म्हटलं तर ती तिच्या दिवसाची तालीम होईल. मी हात काढून घेतला.

मग मागून, बायकांमधून एक आवाज आला. "दिवा लागना..." दुसरीनं उचललं, मग पुरुषांनी. मांडवात आमची माणसं मोजकीच, बाकी शेजारपाजारचे शेतकरी, कारखान्यातले सोबती. त्यांनाही येत होतं. सुरात नव्हतं, ठेका पुढेमागे होत होता, पण शवपेटी उचलली गेली आणि गाणं त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालू लागलं. माझी कुणाला गरज पडली नाही.

कबरस्थानापर्यंत मी मागून चालत गेलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की या गाण्यानं मला धरून ठेवलंय. ते मला केव्हाच सोडून गेलं होतं. आणि त्यातच मेख होती. तिच्या दिवशी मी तोंड मिटून घेईन, हार्मोनियम कपाटात कुलूप लावून ठेवीन. लोकांची तोंडं कशी मिटणार? शवपेटी उचलली की कुणीतरी मागून सुरू करणारच. मायेनंच करणार. बायकोला दिलेला शब्द माझ्या हातात राहिलाच नव्हता.

घरी आलो, तर ती उशीला टेकून बसली होती. "म्हटलंत?"

"नाही."

"मग?"

तिच्याशी मला कधी लपवाछपवी जमली नाही. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मला वेगळं करता येत नाही, आणि केलं तरी ते लोक तेच म्हणतील. मी तुझं एवढंही करू शकत नाही." बोलता बोलता मी रडलो. तिनं मला रडू दिलं.

मी डोळे पुसल्यावर म्हणाली, "लोकांना जे येतं तेच ते म्हणतात. मग त्यांना दुसरं येऊ द्या. भरताचं गाणं बसवा."

आमचं लग्न झालं तेव्हा मी जळगावला होतो. पहिल्या नाताळच्या आधी ती मागच्या अंगणात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजत होती आणि मी पायरीवर बसून गाण्यासाठी डोकं खाजवत होतो. धुरानं डोळे पुसत ती म्हणाली, "मेंढपाळ खानदेशातले असते तर बाळासाठी काय घेऊन गेले असते?" त्यातून गाणं झालं. एकानं विचारायचं, 'मेंढपाळ उनात, काय काय लयनात?' आणि सगळ्यांनी सांगायचं, 'भरीत, भाकर, केळांना घड, हालेलूया!' तिनं ताटलीवर ठेका धरला होता. पुढे धुळ्याला बदली झाल्यावर इथेही ते बसवायला गेलो, तर आबा उठून म्हणाले होते की पवित्र बाळापुढे वांगं शोभत नाही. ती बायकांच्या बाकांवरून म्हणाली होती, "गोठ्यात जन्मला तो, आबा. त्याला वांगं चालेल." तरी गाणं मागे पडलं ते पडलंच.

"मयतीत नाताळचं गाणं?" मी म्हटलं.

"मला तेच हवंय. तुम्ही ते बांधलंत तेव्हा मी हसत होते."

"त्यात हालेलूया आहे. उपवासकाळ चालू आहे."

"ईस्टरपर्यंत मी थांबेन, असं तुम्हाला वाटतं का?"

मला तसं वाटत नव्हतं.

रविवारच्या उपासनेनंतर मी मंडळीला बसायला सांगितलं. म्हटलं, एक जुनं गाणं बसवायचंय. हार्मोनियम उघडली तशी काही माणसं चुळबुळली, कोण गेलं म्हणून एकमेकांकडे बघायला लागली. मी पहिली ओळ म्हटली. पोरं हसली, जाणत्या बायकांनी माना खाली घातल्या. उत्तर कुणी दिलं नाही. मी पुन्हा म्हटली आणि उत्तरही स्वतःच म्हणायला लागलो. शेवटचा तो 'हालेलूया' शब्द आला आणि मला पुढे जाववेना, कारण आबा पहिल्या बाकावरून उठले होते.

"साहेब," ते म्हणाले, "नाताळ त लांब शे."

"तयारीला वेळ लागतो, आबा," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग बाजूच्या खिडकीतून पलीकडे, पाळकाच्या घराकडे बघितलं. बायकोची खुर्ची आम्ही सकाळी तिथल्या खिडकीशी आणून ठेवली होती आणि ती शाल गुंडाळून तिच्यात बसली होती. आबांनी जाऊन चर्चची ती बाजूची खिडकी सताड उघडली आणि मंडळीकडे वळले.

"मंग जरा जोरमा म्हना," ते म्हणाले. "बाईले आयकू येवाले पाहिजे."