इतोए-सानांचा खराटा आणि नोव्हेंबरचं पान

तामोत्सु-सान म्हातारपणी एका विधवेच्या दारात घुटमळतात, ही बातमी आमच्या गल्लीत न्हाव्याकडून निघाली आणि मासळीवाल्याकडे पोचेपर्यंत त्यांची बाईंना फुलंसुद्धा देऊन झाली होती. फुलं खोटी. विधवा खरी, दारही खरं. रोज सकाळी इतोए-सानांच्या फाटकासमोर हे गृहस्थ गळ्यात कॅमेरा आणि काखेत छत्री घेऊन उभे असायचे, हेही खरं. पण त्यांचा जीव जडला होता तो फाटकावरून गल्लीत झुकलेल्या लाल मेपलवर.

बस चालवण्यात तामोत्सु-सानांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला. गल्लीच्या मंडळाचं कॅलेंडर निघतं, ते घरोघरी स्वयंपाकघरात लागतं. त्यात त्यांचा फोटो दरवर्षी फेब्रुवारीच्या पानावर. फेब्रुवारीत आम्ही सगळे दारातला बर्फ उपसत असतो, भिंतीकडे बघतो कोण! यंदा त्यांना नोव्हेंबर हवा होता. फोटोही मनात पक्का होता: नुकतीच सर येऊन गेलेली, ऊन पडलेलं आणि इतोए-सानांच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर ओल्या लाल पानांचा सडा.

आता आमच्याकडची हवा. 'डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस,' हे इथं पोरं चालायच्या आधी शिकतात. नोव्हेंबरात चहाचा कप संपेपर्यंत ऊन, गारा, इंद्रधनुष्य आणि परत पाऊस, असा सगळा तमाशा उरकतो. पण आभाळाची वाट बघायला तामोत्सु-सान तयार होते. नडला तो खराटा.

पहिल्याच दिवशी ते पोचले तर पायऱ्या लख्ख झाडलेल्या! फांदीकडे बघत ते अदबीनं म्हणाले, "काय पानं गळतात हो तुमच्याकडे!"

ही त्यांची तारीफ. इतोए-सानांना ती तक्रार वाटली. त्या कमरेत वाकल्या. "माफ करा हं, सगळ्या गल्लीला त्रास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी लवकर झाडलं. तामोत्सु-सान उदास होऊन कोऱ्या पायऱ्यांकडे बघत राहिले. बाईंनी आतून ते तोंड पाहिलं आणि दुपारी भाजलेली रताळी घेऊन माफी मागायला त्यांच्या घरी आल्या. रताळी आली म्हणजे परतफेड आलीच. मुळ्याचं लोणचं गेलं. लोणच्याच्या बदल्यात तांदळाचे लाडू आले. बाई गोड खाऊ घालत होत्या आणि पहाटे झाडत होत्या.

तामोत्सु-सानांच्या बायकोनं, फुसाएनं, एक लाडू तोंडात टाकून विचारलं, "अहो, 'झाडू नका' एवढं सांगायला काय होतं?"

"अगं, दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुमचं दार घाण ठेवा' असं सांगू?"

"मग बसा फेब्रुवारीत!"

फोटो द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. भुरभुर पाऊस होता. तामोत्सु-सान जाऊन बघतात तो मेपलला शिडी, शिडीवर माळी आणि माळ्याच्या हातात करवत.

"फार सोसलंत तुम्ही," खराटा छातीशी धरून इतोए-सान म्हणाल्या. "गल्लीकडच्या फांद्या आज उतरवूनच टाकते."

"छे छे, माझ्यासाठी कशाला तसदी..." तामोत्सु-सानांच्या तोंडून सवयीनं निघालं.

आमच्याकडे याचा अर्थ 'खुशाल करा' असा होतो. माळ्यानं करवत फांदीला लावली.

आणि तामोत्सु-सान ओरडले, "थांबाऽऽ!" बसमध्ये चालत्या गाडीतून उतरणाऱ्यावर ओरडायचे तसे. गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. माळी दचकला, त्यानं फांदीला मिठी मारली आणि झाड मुळापासून हादरलं. नेमका तेव्हाच ढग फाटला. उन्हात ओली लाल पानं झरझर उतरू लागली, पायऱ्यांवर, शिडीवर, इतोए-सानांच्या केसांत. बाई खराटा धरून, तोंड उघडं टाकून वर बघत होत्या. तामोत्सु-सानांनी शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत गारा सुरू.

मग एकाच छत्रीखाली तिघं दाटीवाटीनं उभे असताना सगळा खुलासा झाला. माळी करवत पिशवीत घालून हसत सुटला.

"अहो, मग आधी बोलायचं की!" इतोए-सान म्हणाल्या. "मी कंबर मोडून घेतली ना!"

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत प्रमुख ओकुदा-सानांनी फोटो हातात घेऊन दिव्याखाली धरला. आम्हा बाकीच्यांचे कान टवकारलेले.

"नोव्हेंबर तुमचा," ते म्हणाले. "पण तामोत्सु-सान, पायऱ्या दिसतच नाहीत, ऐन मध्ये इतोए-सान! लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना? त्यांना जरा बाजूला व्हा म्हणायचं होतं."

तामोत्सु-सान म्हणाले, "तेवढं म्हणायला मला आणखी महिना लागला असता. तोवर डिसेंबर आला असता."