फारुकची वेगळी शाखा

कोऱ्हाळ्याचा गोकुळ बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायचा. नमुना बिघडलेला निघाला की वहीत 'नापास' लिहायचं आणि कॅन परत. कारण सांगायची पद्धत नाही. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण तोंडाचा तुटक.

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा फारुक त्याचा कॉलेजातला दोस्त. कॅनॉलचं पाणी कोणाच्या रानात कधी येणार, हे मोबाइलवर सांगणारा 'पाणीपाळी' नावाचा प्रोग्राम दोघांनी लिहिला. तो फुकट होता आणि कोडही उघडा: कोणीही घ्यावा, सुधारावा, सुधारणा परत पाठवावी. पार नागपूरच्या मोनापर्यंत लोकांनी हातभार लावला. आलेली सुधारणा मूळ कोडात घ्यायची की नाही, ते मात्र गोकुळ ठरवायचा.

शेळगाव कॅनॉलच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला. तिथं पाणी उशिरा पोचतं, म्हणून फारुकनं तीन महिने राबून टेलच्या रानांचं गणित बसवलं आणि पाठवलं. गोकुळला त्यात एक चूक दिसली. हाताच्या सवयीनं त्यानं सगळ्यांदेखत एकच शब्द लिहिला: नापास.

फारुक भांडला नाही. कोडाची नक्कल घेऊन त्यानं आपली शाखा काढली. उघड्या कोडात तो हक्कच असतो. बारामतीची एक, इंदापूरची एक, अशा दोन पाणीपाळ्या चार वर्षं चालल्या. गोकुळ फुगून बसला. गरज असेल तर येईल, म्हणे. सुंभ जळाला तरी पीळ जाईना, त्यातली गत!

यंदा मोनानं दोन्ही शाखा एक करायचं काढलं, तेव्हा कुठं गोकुळनं फारुकचा कोड ओळीओळीनं वाचला. ती चूक फारुकनं दुसऱ्याच आठवड्यात काढली होती. शेजारी टीप होती: 'गोकळ्या, सापडली चूक. आता बघ.' गोकुळला भडभडून आलं.

कोड एक झाला, तसा तो मोटारसायकल काढून शेळगावला गेला. फारुकनं पुन्हा जोडीला यावं, एवढंच त्याला हवं होतं.

फारुकनं चहा दिला.

"चुकलं माझं," गोकुळ म्हणाला. "तुझी टीप आत्ता वाचली. परत ये. काय घ्यायचं, काय न्हाय, दोघं मिळून ठरवू."

"कोड घेतलात, बरं केलंत. त्यो सगळ्यांचाच हाय," फारुक म्हणाला. "पर म्या न्हाय यायचो, गोकुळराव. ती टीप लिवल्यावर वरीसभर रोज बघत हुतो, तुमी काय लिवताय. मग बघायचं सोडलं."

गोकुळ उठला. फारुक बांधापर्यंत पोचवायला आला, पण थांब म्हणाला नाही.